वर्ज्य पानांचा पुनर्विचार

पत्त्यांच्या खेळावर वाङ्मयीन मासिकांत टीकालेख यावा हें पाहून कित्येक वाचकांच्या कपाळास आठी पडण्याचा संभव आहे. परंतु ज्या खेळाविषयीं आम्ही येथें लिहीत आहों, तो बदामसातीसारखा घटकाभर मन रमविण्यापुरता नव्हे. त्याच्या प्रत्येक पानावर स्वतंत्र मजकूर असतो. त्या मजकुराचा अर्थ लावावा लागतो, अर्थावरून वाद होतात, आणि कांहीं पानांना तर दोषी ठरवून खेळांतून हद्दपार केलें जातें. अशा हद्दपार पानांना परत घ्यावें कीं नाहीं, यावर खेळणारांमध्यें वर्षानुवर्षें वाद चालत आला आहे. त्या वादाचें परीक्षण करणें हा या लेखाचा हेतु आहे. वाद पानांविषयींचा असला, तरी त्यांतले मुद्दे दोष, शिक्षा आणि पुनर्विचार यांविषयींचे आहेत. आणि टीकेचा व्यवसाय करणाराला ते परके नाहींत.

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञानें रचला आणि अमेरिकेंतील ‘विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट’ या कंपनीनें तो १९९३ सालीं प्रसिद्ध केला. आपल्या नेहमींच्या खेळांत बावन्न पानें ठरलेलीं असतात आणि तीं वांटून सर्वांना मिळतात. येथें तसें नाहीं. आजवर निघालेल्या वीस हजारांहून अधिक निरनिराळ्या पानांतून प्रत्येक खेळणारा आपल्या पसंतीचीं पानें निवडून स्वतःचा जोड स्वतः रचतो, आणि तो घेऊन प्रतिपक्ष्यासमोर बसतो. पानें विकत घ्यावीं लागतात. दर वर्षीं नवीं पानें निघतात, आणि त्यांतलें प्रत्येक पान पूर्वींच्या सर्व पानांशीं कोणतें नातें जोडील हें रचणाराला आधीं समजणें अशक्य असतें. म्हणून खेळ प्रसिद्ध झाल्यापासून वर्षाच्या आंतच, १९९४ च्या आरंभीं, कांहीं पानें वर्ज्य आणि कांहीं मर्यादित ठरविणारी यादी काढावी लागली. मर्यादित म्हणजे जोडांत एकच प्रत ठेवण्याची मुभा. पुढें खेळाचे निरनिराळे प्रकार झाले, तशा त्यांच्या याद्याही निरनिराळ्या झाल्या. आणि त्या वेळोवेळीं बदलत आल्या आहेत.

वादाचें स्वरूप साधारणतः असें असतें. एक पक्ष म्हणतो, जें पान एकदां खेळ नासवून गेलें तें पुन्हां घरांत घेण्याचें कारण काय? दुसरा म्हणतो, खेळ पुढें गेला, नवीं पानें जुन्यांहून जबर झालीं, मग जुन्या आरोपीला अजून बाहेर ठेवण्यांत न्याय कोठला? एक ‘हें पान फार बलवान् आहे’ म्हणतो. दुसरा ‘तें आतां तितकें बलवान् राहिलें नाहीं’ म्हणतो. म्हणजे बळ हा पानाचा अंगभूत गुण आहे, असें दोघेही धरून चालतात. आमच्या मतें वादांतला बहुतेक गोंधळ या एका समजुतींतून उत्पन्न झाला आहे.

बळ दोन जातींचें असतें. कांहीं पानांचें बळ स्वतःचें असतें, कांहींचें संगतीचें असतें. १९९३ सालचें ‘ब्लॅक लोटस’ हें पहिल्या जातीचें पान होय. या खेळांत प्रत्येक कृतीसाठीं ‘मॅना’ नांवाची शक्ति खर्चावी लागते, आणि ती पाळीगणिक थोडथोडीच वाढते. ‘ब्लॅक लोटस’ मात्र कांहींएक खर्च न घेतां एकदम तीन मॅना देतें. त्याच वर्षींचें ‘अँसेस्ट्रल रीकॉल’ एका मॅनाच्या मोबदल्यांत तीन पानें हातांत आणून देतें. ‘टाइम वॉक’ दोन मॅनांत आणखी एक सबंध पाळी देतें. शक्ति, पानें आणि वेळ या तिहींच्या टंचाईवर सारा खेळ उभा आहे. आणि हीं पानें ती टंचाईच मोडून टाकतात. तीस वर्षांत कितीही नवीं पानें निघालीं, तरी त्यांची धार बोथट झाली नाहीं, कारण तीं दुसऱ्या कोणाच्या आधारानें बलवान् झालेलींच नव्हतीं. ‘लेगसी’ नांवाच्या प्रकारांत तीं वर्ज्य आहेत आणि ‘व्हिंटेज’ या प्रकारांत त्यांची एकेक प्रत चालते, हें योग्यच आहे. त्यांना सर्वत्र मोकळें करा म्हणणें, म्हणजे बुद्धिबळांत एकाच खेळाडूला लागोपाठ तीन खेळ्या करूं द्या म्हणण्यासारखें आहे.

दुसऱ्या जातीचें उत्तम उदाहरण ‘स्प्लिंटर ट्विन’ हें होय. हें पान चार मॅना खर्चून एखाद्या प्राण्यावर चढवावयाचें. मग तो प्राणी दमून आपली एक प्रतिकृति निर्माण करितो. एवढ्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु ‘डिसीव्हर एक्झार्क’ नांवाच्या प्राण्याला असा गुण आहे, कीं तो खेळांत येतांच दुसऱ्या दमलेल्या प्राण्यास ताजा करूं शकतो. प्रतिकृति आली कीं ती मूळ प्राण्यास ताजा करिते, तो पुन्हां प्रतिकृति काढतो, आणि या रहाटगाडग्यास अंत राहत नाहीं. चौथ्या पाळीसच समोरच्याचा निकाल लागतो. ‘मॉडर्न’ या प्रकारांत या जोडीनें इतरांना जागाच उरूं दिली नाहीं, असें कारण देऊन जानेवारी २०१६ मध्यें ‘स्प्लिंटर ट्विन’ वर्ज्य करण्यांत आलें. दोघांपैकीं एकालाच शिक्षा झाली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. दोष संगतीचा होता. संगति मोडावयाची म्हणून एकाला बाहेर काढलें.

हा भेद ध्यानांत घेतला म्हणजे ‘मॉडर्न’ प्रकारांतील पूर्वींच्या मुक्ततांचा अर्थ नीट लागतो. हा प्रकार २०११ सालीं सुरू झाला आणि त्याच्या पहिल्याच यादींत ‘जेस, द माइंड स्कल्प्टर’ या पानाचें नांव होतें. त्या प्रकारांत त्यानें कांहीं अपराध केल्याचा पुरावा जमला नव्हता. दुसरीकडील त्याच्या कीर्तीवरून त्याला दाराबाहेर ठेवलें. फेब्रुवारी २०१८ मध्यें तें मोकळें झालें, तेव्हां प्रलय होईल असें भाकीत करणारे पुष्कळ होते. प्रलय झाला नाहीं. ‘वाइल्ड नाकाटल’ हें साधें एका मॅनाचें पान डिसेंबर २०११ मध्यें वर्ज्य झालें आणि फेब्रुवारी २०१४ मध्यें परत आलें. त्याच्या येण्यानेंही खेळाचा तोल ढळला नाहीं. या दोन दाखल्यांवरून मुक्ततेचे कैवारी असें अनुमान काढतात, कीं बंदी ही बहुधा भित्रेपणाची असते.

परंतु तिसरा दाखला त्यांच्या सोयीचा नाहीं. ‘गोल्गारी ग्रेव्ह-ट्रोल’ हें पान जानेवारी २०१५ मध्यें मोकळें करण्यांत आलें, आणि वर्षभर तें निमूट राहिलें. पुढें २०१६ सालीं ‘प्राइझ्ड अ‍ॅमाल्गम’ व ‘कॅथार्टिक रीयुनियन’ हीं नवीं पानें निघालीं. त्यांना नेमका हाच सोबती हवा होता. जानेवारी २०१७ मध्यें ट्रोलची रवानगी पुन्हां यादींत झाली. त्याच्या मजकुरांतलें एक अक्षरही बदललें नव्हतें. बदलले ते शेजारी. मोकळें करतांना केलेली परीक्षा खोटी नव्हती. फक्त ती त्या दिवसापुरतीच खरी होती. संगतीच्या बळाविषयीं दिलेला कोणताही निकाल, मग तो बंदीचा असो वा मुक्ततेचा, कायमचा असूं शकत नाहीं, हा धडा या प्रकरणापासून घ्यावयास हवा.

मग निकाल द्यावा तरी कसा? आमच्या पाहण्यांत आलेलें सर्वांत समाधानकारक उदाहरण ‘व्हिंटेज’मधलें आहे. २०२० सालीं निघालेलें ‘लूरस’ हें पान जोडाबाहेर ठेवून तेथूनच खेळांत आणतां येत असे. तेव्हां एकच प्रत पुरे होत असल्यानें मर्यादित करून उपयोग नव्हता, म्हणून मे २०२० मध्यें तें वर्ज्य झालें. जूनमध्यें अशा बाहेरच्या पानांविषयींचा नियमच बदलला, आणि त्याला आधीं तीन मॅना खर्चून हातांत घेणें भाग पडलें. फेब्रुवारी २०२१ मध्यें बंदी उठली. येथें बंदीचें कारण स्पष्ट होतें, तें नाहींसें झालें, आणि कारणाबरोबर बंदीही गेली. जेथें कारण स्पष्ट सांगितलेलें असतें तेथें पुनर्विचारही स्पष्ट करतां येतो. केवळ दुष्कीर्तीवरून घातलेली बंदी उठविण्यास मात्र पुन्हां दुष्कीर्तीचाच विचार करीत बसावें लागतें.

या कसोटीवर डिसेंबर २०२४ ची घोषणा पाहूं. त्या दिवशीं ‘मॉडर्न’मध्यें ‘स्प्लिंटर ट्विन’, ‘मॉक्स ओपल’, ‘फेथलेस लूटिंग’ आणि ‘ग्रीन सन्स झेनिथ’ हीं चार पानें एकदम मोकळीं झालीं. ‘स्प्लिंटर ट्विन’ची जवळजवळ नऊ वर्षें वाट पाहिली गेली होती. तें परत आलें तेव्हां खेळ इतका वेगवान् झालेला होता, कीं त्याच्या चौथ्या पाळीच्या धाकाला पूर्वींचा दरारा उरला नव्हता. दीर्घ प्रवासाहून परतलेल्या वृद्धाला आपल्याच गांवांत कोणी ओळखूं नये, तशी त्याची गत झाली. ‘मॉक्स ओपल’ची कथा निराळी. हें पान बिनखर्चाचें. तीन यंत्रवस्तु आपल्या बाजूस असल्या कीं एक मॅना देणारें. म्हणजे तें अर्धें पहिल्या जातीचें आणि अर्धें दुसऱ्या जातीचें. तें येतांच ‘अंडरवर्ल्ड ब्रीच’ या पानाभोंवतीं रचलेल्या जोडाला जोर चढला. ब्रीचच्या योगानें टाकून दिलेलें पान, ढिगांतलीं दुसरीं तीन पानें बाजूस काढून, पुन्हां खेळतां येतें. ‘ग्राइंडिंग स्टेशन’ नांवाच्या यंत्रांत मॉक्स टाकला कीं तीन पानें ढिगांत पडतात. तींच तीन काढून मॉक्स पुन्हां फुकटांत परत येतो. ३१ मार्च २०२५ रोजीं वर्ज्य झालें तें ब्रीच, मॉक्स राहिला.

हा निकाल आमच्या मांडणीला अडचणीचा आहे, हें कबूल केलें पाहिजे. संगतीचा दोष असेल, तर दोघांतून कोणाला काढावें हें ती मांडणी सांगत नाहीं. बिनखर्चाचा मॉक्स पुढेंमागें आणखी कोणाशीं तरी संगनमत करील ही भीति खोटी नाहीं. आणि ब्रीच तर मॉक्सच्या गैरहजेरींत पांच वर्षें त्याच प्रकारांत नांदलें होतें. तरीही ब्रीचला काढण्यांत आम्हांस तथ्य दिसतें. ब्रीच ज्या जोडांत शिरे, तेथें बहुधा तो एकच डाव साधी. मॉक्स मात्र यंत्रवस्तूंवर रचलेल्या नाना तऱ्हांच्या जोडांना आधार देतो. ज्याला ठेवल्यानें अधिक विविधता नांदेल त्याला ठेवावें, असा नियम यांतून निघतो. तो निर्दोष नाहीं. पण बळाच्या मोजमापाहून अधिक उपयोगाचा आहे.

येथवर पानांविषयीं झालें. आतां माणसांविषयीं. या खेळांत कायदा करणारा आणि माल विकणारा एकच असतो. २०१८ च्या फेब्रुवारींत ‘जेस’ मोकळें झालें आणि मार्चमध्यें निघालेल्या ‘मास्टर्स २५’ या संचांत त्याच पानाची नवी आवृत्ति होती. यावरून हेतूचा आरोप सिद्ध होत नाहीं. परंतु दुकानदारानेंच वजनांची तपासणी केली, तर माप बरोबर असूनही गिऱ्हाइकाचें मन साशंक राहणारच. उलट बाजूही तितकीच स्वच्छ नाहीं. ‘कमांडर’ या लोकप्रिय प्रकाराची यादी एका स्वतंत्र नियम-समितीच्या हातीं होती. सप्टेंबर २०२४ मध्यें तिनें ‘मॅना क्रिप्ट’ आणि ‘ज्यूएल्ड लोटस’ या महागड्या पानांसह चार पानें वर्ज्य केलीं. पानांच्या किंमती कोसळल्या, आणि समितीच्या सभासदांना धमक्या येऊं लागल्या. आठवड्याच्या आंत समितीनें आपला अधिकार कंपनीच्या स्वाधीन केला. जिला विक्रीशीं कर्तव्य नव्हतें ती समिति अशा रीतीनें गेली, आणि ती घालविण्यास ग्राहकच कारण झाले. एप्रिल २०२५ मध्यें कंपनीनें त्या प्रकारांतील पांच जुनीं पानें मोकळीं केलीं. त्यांत तीं दोन महागडीं पानें नव्हतीं, हें तिच्या पक्षीं नमूद केलें पाहिजे. ज्यानें पैसे खर्चले त्याचें दुःख खरें असतें, आणि त्याची टर उडविणें गैर आहे. परंतु ‘माझें नुकसान झालें’ हा पानाच्या बाजूचा पुरावा नव्हे. जो पुनर्विचार किंमतीच्या नांवानें मागितला जातो, तो खेळाचा पुनर्विचार नसतो.

शेवटीं एका लहानशा प्रयोगाकडे लक्ष वेधून हा लेख पुरा करितों. ‘पॉपर’ म्हणून एक प्रकार आहे. त्यांत केवळ सामान्य दर्जाचीं, बहुधा स्वस्त पानें चालतात. ३१ मार्च २०२५ रोजीं त्यांत ‘हाय टाइड’ आणि ‘प्रोफेटिक प्रिझम’ हीं दोन पानें परीक्षेपुरतीं मोकळीं केल्याचें जाहीर झालें. तीन महिने लोकांनीं तीं मनसोक्त खेळून पाहिलीं. जूनच्या अखेरीस ‘हाय टाइड’ पुन्हां वर्ज्य झालें. ‘प्रोफेटिक प्रिझम’ राहिलें. कोणाची मानहानि झाली नाहीं, कारण परीक्षा आहे हें आधींच सांगितलेलें होतें. ग्रेव्ह-ट्रोलला परत पाठवितांना जें चूक कबूल केल्यासारखें दिसलें, तेंच येथें परीक्षेचें उत्तर ठरलें. श्रीमंतांच्या प्रकारांत जो शहाणपणा दिसावयास हवा होता, तो या गरिबांच्या प्रकारांत दिसला. आणि यादी करणारांनीं व यादीवर रुसणारांनीं, दोघांनींही तो उचलण्यासारखा आहे.