चित्रपट व दूरचित्रवाणी निर्मितीचे महाविद्यालयीन अभ्यासक्रम : एक तुलनात्मक चिकित्सा

प्रास्ताविक

गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रातील महाविद्यालयांमधून चित्रपट, दूरचित्रवाणी व जनसंचार या विषयांचे अभ्यासक्रम मोठ्या संख्येने सुरू झाले. मुंबई विद्यापीठाने 2000 च्या सुमारास ‘बॅचलर ऑफ मास मीडिया’ हा पदवी अभ्यासक्रम आणला. पुढे केवळ चित्रपट, दूरचित्रवाणी आणि नवमाध्यम निर्मितीला वाहिलेला स्वतंत्र पदवी अभ्यासक्रमही तेथील संलग्न महाविद्यालयांत आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या व्यावसायिक पदवी योजनेमुळे लहान शहरांतील महाविद्यालयांनाही हे क्षेत्र खुले झाले. या विस्ताराचे स्वागतच करावयास हवे. तथापि, या अभ्यासक्रमांची परस्परांशी तुलना कोणत्या निकषांवर करावी, याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही. माहितीपत्रकांतून होणारी तुलना ही कॅमेऱ्यांची संख्या, संकलन कक्षातील संगणक, वातानुकूलित स्टुडिओ आणि नामवंत पाहुणे यांच्यापुरती मर्यादित राहते.

साधनसामग्री ही निर्मितिशिक्षणाची अट आहे, गुणवत्ता नव्हे, ही प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. विद्यार्थ्याची अपुरी, सदोष कृती जाणकारांसमोर पाहिली जाते का, तिच्यावर चर्चा होते का आणि ती दुरुस्त करण्यास त्याला वेळ मिळतो का, या प्रश्नांच्या उत्तरांवर अभ्यासक्रमाचे मूल्य ठरते. या दृष्टीने येथे तीन प्रारूपांची तुलना केली आहे : राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था, विद्यापीठातील स्वतंत्र केंद्र आणि संलग्न महाविद्यालय.

1. राष्ट्रीय संस्थेचे प्रारूप

चित्रपट चौकशी समितीने 1951 मध्ये सादर केलेल्या अहवालात चित्रपट-प्रशिक्षणाच्या संस्थेची शिफारस होती. तिला अनुसरून 1960 मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया स्थापन झाली. ती प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत उभी राहिली, ही केवळ योगायोगाची बाब मानता येणार नाही. कोल्हापुरात 1929 साली स्थापन होऊन 1933 मध्ये पुण्यास आलेल्या ‘प्रभात’मध्ये काम शिकण्याची रीत उमेदवारीची होती. नवशिका मनुष्य एखाद्या विभागात लागे आणि जुन्या माणसाच्या हाताखाली तयार होई. नव्या संस्थेने या उमेदवारीच्या जागी अभ्यासक्रम आणला, पण हाताने शिकण्याचे तत्त्व सोडले नाही. संस्थेचे पहिले प्राचार्य गजानन जागीरदार हे स्वतः ‘प्रभात’मध्ये काम केलेले कलावंत होते, हेही येथे लक्षात घ्यावे.

या प्रारूपाचे वैशिष्ट्य त्याच्या रचनेत आहे. दिग्दर्शन, चलच्छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी या चार शाखांचे विद्यार्थी आरंभी काही काळ एकत्र शिकतात, नंतर आपापल्या शाखेत जातात. निर्मितीच्या वेळी मात्र प्रत्येक शाखेतील एकेक विद्यार्थी घेऊन गट तयार होतो. दृश्यसातत्याचा सराव, संवादांचा सराव, गीतचित्रणाचा सराव आणि अखेरीस पदविका-चित्रपट अशा चढत्या क्रमाने काम दिले जाते. दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्याला आपली चूक प्रथम संकलकाच्या टेबलावर कळते. संकलकाने ‘हा तुकडा जुळत नाही’ असे सांगितले, की चित्रणस्थळी घेतलेला निर्णय त्याला पुन्हा तपासावा लागतो. शिक्षकाची टीका त्यानंतर येते. सहाध्यायी हाच पहिला परीक्षक असणे, हे या रचनेचे सर्वांत मोठे बलस्थान म्हणता येईल.

दुसरे बलस्थान पाहण्याच्या संस्कारात आहे. 1964 मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. प्रा. सतीश बहादूर यांनी चित्रपट-आस्वादाच्या अध्यापनाची भक्कम परंपरा निर्माण केली. संग्रहालयाचे शिल्पकार पी. के. नायर यांनी जमवलेल्या चित्रपटांचा लाभ विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना झाला. निर्मिती शिकणारा विद्यार्थी रोज चित्रपट पाहतो व त्यावर वाद घालतो, ही गोष्ट वेळापत्रकातील एखाद्या तासिकेने साध्य होत नाही.

कोलकात्यातील सत्यजित राय फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट 1995 मध्ये स्थापन झाली. तिने पुण्याचे प्रारूप स्वीकारले, परंतु ‘निर्मिती’ म्हणजे अर्थव्यवस्था, नियोजन व वितरण ही स्वतंत्र शाखा म्हणून पुढे आणली. चित्रपट तयार होतो पण प्रेक्षकांपर्यंत जात नाही, या जुन्या व्यथेला दिलेले हे अभ्यासक्रमीय उत्तर आहे.

या प्रारूपाची मर्यादाही स्पष्टपणे मांडली पाहिजे. लहान तुकडी आणि खर्चिक निर्मिती यांमुळे पुण्याच्या संस्थेत अनेक तुकड्यांचे काम नियोजित तीन वर्षांत पुरे झाले नाही. 2015 साली 139 दिवस चाललेल्या विद्यार्थ्यांच्या संपाच्या काळात हा प्रश्न उघड झाला. अध्यक्षांच्या नियुक्तीला विरोध हे संपाचे कारण होते. त्याच दरम्यान 2008 च्या तुकडीचे अपूर्ण पदविका-चित्रपट ‘आहेत त्या स्थितीत’ तपासण्याचा निर्णय प्रशासनाने घेतला आणि संघर्ष अधिक चिघळला. प्रशासनाच्या बाजूने पाहिले तर सात वर्षे रेंगाळलेली तुकडी ही शैक्षणिक शिस्तीची समस्या होती. विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिले तर अपूर्ण चित्रपटाला गुण देणे म्हणजे त्याचे शिक्षण अपूर्ण असतानाच संपले असे जाहीर करणे होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. दुरुस्तीसाठी वेळ देणारी व्यवस्था त्या वेळेला सीमा घालू शकली नाही, तर तिचे बलस्थानच तिचा दोष बनते, हा या प्रकरणाचा बोध आहे. 2025 मध्ये पुणे व कोलकाता येथील या दोन्ही संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पदवीच्या चौकटीत आल्यावर त्या काळाचे हे गणित कसे सोडवतात, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

2. दूरचित्रवाणीची वेगळी शिस्त

चित्रपट व दूरचित्रवाणी यांचा उच्चार आपण एका दमात करतो, परंतु अध्यापनाच्या दृष्टीने ही दोन भिन्न शिस्ती आहेत. दूरचित्रवाणी प्रशिक्षणाचा विभाग 1971 मध्ये दिल्लीत सुरू झाला आणि 1974 मध्ये पुण्यास आला. दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांना सेवांतर्गत प्रशिक्षण देणे हा त्याचा मूळ हेतू होता. मुंबई दूरदर्शन केंद्र 1972 मध्ये सुरू झाले होते आणि प्रसारणासाठी माणसे तातडीने हवी होती. पुढे या विभागात बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाचे अभ्यासक्रम आले.

चित्रपटात एक कॅमेरा व अनेक दिवस असतात; स्टुडिओतील दूरचित्रवाणीत अनेक कॅमेरे व मोजकी मिनिटे असतात. चित्रपटाचा दिग्दर्शक तुकडे नंतर जोडतो. दूरचित्रवाणीचा निर्माता नियंत्रण कक्षात बसून ते त्याच क्षणी जोडतो. येथे दुरुस्ती कृतीनंतर शक्य नसते, म्हणून ती कृतीपूर्वी, म्हणजे तालमीत व्हावी लागते. चित्रपटाच्या विद्यार्थ्याला थांबून विचार करण्यास शिकवावे लागते, तर दूरचित्रवाणीच्या विद्यार्थ्याला विचार आधीच करून ठेवण्यास. बहुतेक महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत हा भेद लोप पावला आहे. एका कॅमेऱ्याने घेतलेली मुलाखत ‘दूरचित्रवाणी निर्मिती’ म्हणून सादर होते आणि बहुकॅमेरा चित्रणाचा अनुभव न घेताच विद्यार्थी पदवीधर होतो.

3. विद्यापीठीय केंद्राचे प्रारूप

दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियामध्ये 1982 साली जनसंचार संशोधन केंद्र स्थापन झाले. कुलगुरू अन्वर जमाल किदवई यांच्या पुढाकाराने आणि कॅनडातील माहितीपटकार जेम्स बेव्हरिज यांच्या सहकार्याने उभे राहिलेले हे केंद्र दोन बाबतींत पुण्याहून वेगळे आहे. येथे आरंभीच शाखा निवडावी लागत नाही. छायाचित्रण, ध्वनी व चलच्चित्र यांचा अनुभव प्रत्येक विद्यार्थी घेतो. तसेच केंद्र विद्यापीठाच्या आवारात असल्यामुळे समाजशास्त्र, इतिहास व साहित्य या विषयांचा शेजार त्याला लाभतो. माहितीपटाकडे असलेला या केंद्राचा कल या दोन्ही गोष्टींशी निगडित आहे. दोन वर्षांत पुण्याइतके तांत्रिक कौशल्य येत नाही हे खरे, परंतु विषय शोधणारा व त्याची सामाजिक बाजू जाणणारा निर्माता येथे घडतो.

विद्यापीठांच्या चौकटीत निर्मिती होऊ शकते याचा पुरावा महाराष्ट्रातही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 1984 मध्ये ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा दूरदर्शनवरील शैक्षणिक प्रसारणाचा उपक्रम सुरू केला. त्यासाठी कार्यक्रम तयार करणाऱ्या आरंभीच्या केंद्रांत पुणे विद्यापीठाच्या केंद्राचा समावेश होता. प्रसारणाची तारीख ठरलेली असल्यामुळे तेथील काम वेळेत पुरे करणे भाग होते.

4. संलग्न महाविद्यालयाचे प्रारूप

विद्यार्थ्यांची सर्वाधिक संख्या या तिसऱ्या प्रारूपात आहे आणि सर्वाधिक अडचणीही येथेच आहेत. पहिली अडचण परीक्षापद्धतीची आहे. संलग्न महाविद्यालयात विषय सुटे असतात. पटकथा, छायाचित्रण, संकलन यांची विभागणी सत्रांत होते आणि प्रत्येकाची लेखी परीक्षा वेगळी होते. संकलन म्हणजे काय याचे उत्तर विद्यार्थी चार मुद्द्यांत लिहितो. पण स्वतः चित्रित केलेल्या दृश्याचे संकलन त्याने केलेले असेलच असे नाही. प्रात्यक्षिकाला गुण असतात, मात्र बहिःस्थ परीक्षक अर्ध्या दिवसात तीस-चाळीस लघुपट पाहतो, गुण देतो व निघून जातो. त्याने काय पाहिले, काय खटकले, हे विद्यार्थ्याला कधीच कळत नाही. राष्ट्रीय संस्थेत चित्रपट तपासला जातो तो पुन्हा करण्यासाठी. येथे तो तपासला जातो गुणपत्रिकेसाठी.

दुसरी अडचण तुकडीच्या आकाराची आहे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात दहा-बारा जणांचे गट पडतात. त्यांतील दोघे-तिघे काम करतात व उरलेल्यांची नावे श्रेयनामावलीत येतात. तिसरी अडचण साधनांच्या वापराची आहे. कॅमेरा जडसंग्रह नोंदवहीत असतो आणि त्याच्या नुकसानीची जबाबदारी शिक्षकावर असते, म्हणून तो कपाटात सुरक्षित राहतो. विद्यार्थी आपल्या मोबाइलवरच चित्रण करतो. हे एका अर्थी बरेच आहे. साधन आता विद्यार्थ्याच्या खिशात असेल, तर महाविद्यालयाने द्यावयाची गोष्ट साधनापलीकडची आहे, हे त्यामुळे आपोआप सिद्ध होते.

या प्रारूपातून काही घडूच शकत नाही, असा निष्कर्ष मात्र चुकीचा ठरेल. नागराज मंजुळे यांनी अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) येथील न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेतले. ‘पिस्तुल्या’ हा त्यांचा लघुपट त्याच काळातील आहे. शाळेची ओढ असलेल्या पारधी मुलाच्या या कथेला 2010 च्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कथेतर-विभागीय चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. त्याआधी पुण्याच्या संस्थेत उमेश कुलकर्णी यांनी केलेल्या ‘गिरणी’ या पदविका-चित्रपटालाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला होता. पूर्णतः भिन्न साधनस्थितीत झालेल्या या दोन मराठी लघुपटांत साम्य आहे ते निरीक्षणाचे. दोहोंच्या केंद्रस्थानी मूल आहे आणि मोठ्यांच्या जगाचा भार त्याच्या नजरेतून दिसतो. हे निरीक्षण स्टुडिओतून येत नाही. ते विद्यार्थी आपल्या घरातून, वस्तीतून घेऊन येतो. अभ्यासक्रमाने ते पुसले नाही, तरी पुष्कळ झाले.

5. भाषेचा प्रश्न

येथेच अध्यापनाच्या भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. बहुतांश अभ्यासक्रमांचे माध्यम इंग्रजी आहे. ग्रामीण भागातून मराठी माध्यमात शिकून आलेला विद्यार्थी आपली पटकथा मराठीत विचार करून इंग्रजीत मांडतो आणि पात्रांचे संवाद पुन्हा मराठीत आणतो. या दुहेरी प्रवासात त्याच्या बोलीची धार जाते. आपले दृश्य का फसले हे तो सांगू शकत नाही, कारण सांगण्याची परिभाषा त्याची नसते. ‘शॉट’, ‘कट’, ‘ट्रॅक’ हे शब्द मराठीत रुळले आहेत. त्यांच्या शुद्धीचा आग्रह अनाठायी आहे. गरज आहे ती कृतीवरील चर्चा विद्यार्थ्याच्या भाषेत होण्याची. मराठी नाट्यसमीक्षेने तालीम, नेपथ्य, प्रयोग यांविषयी बोलण्याची समृद्ध भाषा घडवली आहे. चित्रपट-अध्यापनाने तिचा आधार घेण्यास हरकत नसावी.

समारोप

वरील तुलनेतून असे दिसते की, राष्ट्रीय संस्थेकडे दुरुस्तीची संस्कृती आहे पण वेळेची शिस्त कमी पडली. विद्यापीठीय केंद्राकडे विषयाची व्यापकता आहे पण शाखानिहाय सखोलता मर्यादित आहे. संलग्न महाविद्यालयाकडे वेळापत्रक आहे, विद्यार्थ्यांचा अनुभव आहे, पण दुरुस्तीला जागा नाही. पुण्याचा स्टुडिओ प्रत्येक तालुक्यात नेता येणार नाही. मात्र त्या संस्थेची कार्यपद्धती नेता येईल, आणि तिला फारसा खर्चही नाही. एका गटात पाचांहून अधिक विद्यार्थी नसावेत व प्रत्येकाने आलटून पालटून सर्व कामे करावीत. पहिल्या संकलनाचे जाहीर वाचन व्हावे, म्हणजे कच्चा लघुपट वर्गासमोर दाखवून त्यावर चर्चा व्हावी. त्यानंतर ठरावीक मुदतीत दुसरे संकलन सादर व्हावे आणि गुण दोहोंतील अंतराला मिळावेत. बहिःस्थ परीक्षकाचे अभिप्राय लेखी व विद्यार्थ्याला उपलब्ध असावेत. आठवड्यातून एक चित्रपट सर्वांनी मिळून पाहावा.

या सूचना अंमलात आणण्यास अभ्यास मंडळाचा एक ठराव व शिक्षकाची तयारी पुरेशी आहे. त्या टाळल्या गेल्या, तर दरवर्षी हजारो विद्यार्थी निर्मितीची पदवी घेऊन बाहेर पडतील आणि आपली एकही कृती दुसऱ्यांदा सुधारून पाहण्याची संधी त्यांना मिळालेली नसेल. ज्यांच्या घरात शिक्षणाची ही पहिलीच पिढी आहे आणि ज्यांना महाविद्यालयाखेरीज दुसरा चित्रपटगुरू नाही, अशा विद्यार्थ्यांचे हे नुकसान सर्वांत मोठे आहे.