जपमाळ शोधताना ‘ख्रिस्तपुराण’ कितपत पुरतं?

वाशीममध्ये बसून मराठी कॅथलिकांच्या जपमाळेवर, म्हणजे रोझरीवर, प्रस्ताव लिहिताय? मग हात आधी ‘ख्रिस्तपुराणा’कडेच जाणार. थॉमस स्टीफन्सचं हे १६१६ चं ओवीबद्ध काव्य मोठंच आहे, पण या प्रश्नाला ते एकटं पुरत नाही. पुराण कथा सांगतं. जपमाळेत कथा आधीच ठाऊक असते. एकेक प्रसंग मनात धरून मरियेला नमन करायचं, सुरुवातीला ३ आणि पाच दशकांत ५० वेळा. स्टीफन्सचीच १६२२ मध्ये छापलेली धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी बघा, ती कोकणीत आहे. काव्य मराठीत, धर्मपाठ कोकणीत, असं का? प्रस्तावाची सुरुवात इथून करा. नाहीतर जे ऐकलं जायचं, त्यालाच जे म्हटलं जायचं ते समजून बसाल.