‘बरे करणे’ आणि ‘तारणे’

ख्रिस्ती धर्मविचारात आरोग्य आणि तारण यांचा संबंध कोणता, या प्रश्नाची चर्चा बहुधा सिद्धान्ताच्या अंगाने होते. मराठी वाचकापुरता मात्र त्याचा निर्णय भाषांतरकाराने आधीच करून ठेवला आहे.

नव्या करारातील ‘सोझो’ हे ग्रीक क्रियापद या दोन्ही अर्थी येते. रक्तस्रावाने पीडित स्त्रीला (मार्क ५:३४) आणि शिमोन परूश्याच्या घरी आलेल्या पापी स्त्रीला (लूक ७:५०) येशू जे सांगतो, त्यात विश्वास हाच कर्ता आणि ‘सोझो’ हेच क्रियापद आहे. दुसऱ्या स्त्रीच्या ठायी कोणत्याही व्याधीचा उल्लेख नाही. प्रचलित मराठी भाषांतर पहिल्या स्थळी ‘बरे करणे’ योजते, तर दुसऱ्या स्थळी ‘तारणे’. लॅटिन भाषांतराला ‘साल्वुस’ हे एकच विशेषण दोहोंकडे पुरते. मराठीची अडचण खरी आहे. ‘तारणे’ म्हणजे पैलतीरी नेणे. ‘सोझो’च्या मुळाशी धडधाकट, सुरक्षित असण्याची कल्पना आहे.

तथापि शब्द एक म्हणून संकल्पनाही एक, हे अनुमान सदोष होय. व्युत्पत्तीवरून धर्मसिद्धान्त काढण्याच्या या प्रवृत्तीवर जेम्स बार यांनी १९६१ मध्येच कठोर टीका केली होती. अर्थाचा निर्णय वाक्यात व्हावयास हवा. त्या दृष्टीने लूकच्या सतराव्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांची कथा निर्णायक आहे. दहाही जण शुद्ध होतात. त्यांतील एक शोमरोनी आपण बरे झालो हे पाहून परत येतो. आणि ‘सोझो’ हे क्रियापद केवळ त्या एकासाठी येते. मुळात येथे तीन भिन्न क्रियापदे क्रमाने योजिली आहेत. मराठीत दुसऱ्या व तिसऱ्या, दोन्ही ठिकाणी ‘बरे’ हाच शब्द आल्याने कथेचे मर्मच हरपते. उरलेल्या नऊ जणांना न मिळालेले असे त्या एकाला काय मिळाले, हे वाचकाला कळत नाही.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. आरोग्य व तारण एकरूप मानले, तर बरा न होणारा रोगी अश्रद्ध ठरतो. पौलाच्या शरीरातील काटा तीनदा विनवूनही निघाला नाही (२ करिंथ १२); म्हणून त्याचे तारण कोणी नाकारलेले नाही. आरोग्य ही तारणाची खूण असू शकेल, अट नव्हे. मार्कच्या स्थळी ‘बरे करणे’ संदर्भाने समर्थनीय आहे. तेथे तळटीप पुरेल. लूक १७:१९ येथे मात्र ‘तारणे’ हेच क्रियापद हवे.