ठिपके जोडा, चित्र पूर्ण करा

आयुष्यात एकदा तरी एखाद्या ग्रंथाचे परीक्षण लिहावे, अशी माझी फार जुनी इच्छा आहे. अडचण एवढीच, की परीक्षण लिहायचे म्हणजे (निदान लोकलज्जेस्तव) तो ग्रंथ वाचावा लागतो, आणि कुठल्याही ग्रंथाच्या चाळिसाव्या पानाच्या आसपास मला हमखास झोप लागते. त्यामुळे गेल्या महिन्यात बत्तीस पानांचा आणि पानागणिक जेमतेम चार शब्दांचा एक ग्रंथ आमच्या घरी आला, तेव्हा माझ्यातला समीक्षक खडबडून जागा झाला.

ग्रंथ माझ्या नातीचा. नात पावणेचार वर्षांची. नाव भारदस्त आहे, पण घरात मनू. येत्या जूनमध्ये ती 'ज्युनियर केजी'त, म्हणजे आमच्या भाषेत छोट्या शिशूत, दाखल व्हायची आहे. त्या प्रसंगाला तिने तयारीनिशी सामोरे जावे म्हणून आमच्या चिरंजीवांनी घरबसल्या एक खोका मागवला. खोक्यात हे पुस्तक, एक प्लॅस्टिकचा चिमटा, दोन वाट्या, लाकडी मणी आणि दोरी, रंगीत मातीचे चार डबे आणि पालकांसाठी एक मार्गदर्शिका. मार्गदर्शिका मूळ पुस्तकापेक्षा जाड आहे. मूळ ग्रंथाहून टीका मोठी, हे मी ज्ञानेश्वरीनंतर प्रथमच पाहिले.

प्रकाशकाचे नाव सांगत नाही. असे खोके हल्ली पुष्कळ निघतात, आणि बिचारा एकटाच अपराधी नाही.

तर आता परीक्षण. प्रथम पात्ररचना. ग्रंथाचा नायक सफरचंद आहे. तो पहिल्याच पानावर प्रवेश करतो, पुढे मोजायला येतो, रंगवायला येतो आणि शेवटी अर्धा कापलेलाही येतो. एवढा छळ सोसूनही त्याच्या स्वभावाचा विकास कुठे दिसत नाही. 'आय' या अक्षरासाठी इग्लू आला आहे. मनूने त्या पांढऱ्या गोल घुमटाकडे पाहून "इडली!" असा निर्वाळा दिला. अक्षराच्या दृष्टीने तेही बिनचूक होते, पण मार्गदर्शिकेत इडली नव्हती. 'एक्स'साठी झायलोफोन नावाचे वाद्य आहे. हे वाद्य मी बहात्तर वर्षांत समोरासमोर पाहिलेले नाही आणि त्यावाचून माझे पेन्शन कधी अडलेले नाही.

कल्पनाशक्तीचा प्रांत नवव्या पानावर येतो. 'ठिपके जोडा, चित्र पूर्ण करा.' मनूने आकडे बाजूला ठेवून स्वतःच्या मनाने ठिपके जोडले आणि "ही आजी" असे जाहीर केले. मार्गदर्शिका पाहिली तर ते बदक निघाले. यात अपमान कुणाचा झाला, याबद्दल आमच्या घरात अजून दोन मते आहेत.

अकराव्या पानावर खोक्यातला चिमटा लागतो. एका वाटीत वीस राजमे ठेवायचे आणि मुलाने ते चिमट्याने एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकायचे. याने बोटांतले बारीक स्नायू बळकट होतात आणि पुढे पेन्सिल धरायला सोपे जाते. हे खरे आहे. माझी तक्रार वेगळी आहे. त्या संध्याकाळी मनू ताटासमोर बसली होती आणि पाच फुटांवर सौ. मोड आलेले वाल सोलत होती. ज्यांनी ते सोललेत त्यांना ठाऊक आहे, की बोटांच्या चिमटीत वाल धरून नेमका दाब दिला, की सालातून तो टुणकन उडतो. सहा राजमे झाल्यावर मनू उठली आणि आजीजवळ जाऊन वाल उडवू लागली. तोच चिरंजीवांचा आवाज आला, "मनू, आधी ॲक्टिव्हिटी पूर्ण कर, मग खेळ!"

सूनबाई दारातून आत येत होती. चप्पल काढता काढता ती म्हणाली, "अरे, आईंच्या वालात आणि तुझ्या राजम्यात फरक एकच. वालांची उसळ होते."

समीक्षकाला परंपरेचे भान हवे, असे म्हणतात. म्हणून मी थोडे वाचन केले (चाळीस पानांच्या आत). 'किंडरगार्टन' हा शब्द फ्रोबेल या जर्मन गृहस्थांनी १८४० साली दिला. अर्थ, मुलांची बाग. १९०७ मध्ये मारिया माँटेसरी यांनी रोममधल्या एका गरीब कामगारवस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. तिथे मुले पाणी ओतायची, बटणे लावायची, झाडायची, पुसायची. १९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी भावनगरात बालमंदिर काढले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी आयुष्य वेचले. मुले शाळेत येईनात, तेव्हा बाईच पाड्यावर गेल्या आणि कुणाच्या तरी अंगणात शाळा भरली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. शिकवायचे साहित्य काय? शिंपले, खडे, पाने, फुले. मणी ओवणे, निवडणे, लावणे, मोजणे, खोक्यातले हे सगळे खेळ या थोर बायकांच्या घरचे आहेत. फरक इतकाच, की कोसबाडला खडे फुकट होते.

सरकारचेही या बाबतीत दुमत नाही. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि त्यामागून २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा आराखडा, दोन्ही म्हणतात की तीन ते आठ वर्षांच्या मुलांनी खेळातून शिकावे. शाळाप्रवेशासाठी मुलांना चाळणी लावायला तर २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानेच मनाई केली. शाळेच्या दारातून हाकललेली ती चाळणी कुठे गेली, असा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. ती आमच्या दिवाणखान्यात आली आहे.

म्हणजे ग्रंथाचा उगम चांगला, घराणे उत्तम, हेतू शुद्ध. मग घोडे अडले कुठे? माझ्या मते मार्गदर्शिकेच्या शेवटच्या पानावर. तिथे उत्तरे दिली आहेत. माँटेसरीबाईंच्या साहित्याची खुबी अशी, की चूक वस्तूच सांगते. दट्ट्या आपल्या भोकात बसला नाही, की पोर स्वतःच समजते आणि दुसरा उचलते. बाईंनी "चूक" म्हणायचे कारणच उरत नाही. आमच्या खोक्यात मात्र चूक सांगायला बाप लागतो.

हे माझ्या ध्यानात आले ते तेविसाव्या पानामुळे. त्या पानावर चार चौकोन आहेत. स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर. एकात फुले आणि छत्री, दुसऱ्यात सूर्य आणि वाळूचा किल्ला, तिसऱ्यात गळलेली पाने, चौथ्यात बर्फाचा माणूस. खाली सूचना, 'खिडकीबाहेर पाहा आणि आत्ताच्या ऋतूला गोल करा.'

महिना जुलै. गाव डोंबिवली. बाहेर असा पाऊस, की समोरची इमारतही दिसत नव्हती. मनू खुर्चीवर चढली, गजांतून बाहेर पाहिले, खाली उतरली आणि चारही चौकोन नीट तपासून तिने छत्रीला गोल केला. उपलब्ध पुराव्यावरून कुठल्याही न्यायाधीशाने हाच निकाल दिला असता. चिरंजीव कचेरीतून दमून आलेले. त्यांनी शेवटचे पान उघडले आणि म्हणाले, "स्प्रिंग नाही गं. जुलै म्हणजे समर."

मनूने पुन्हा खिडकीकडे पाहिले. मग विचारले, "मग बाहेर पडतोय तो चूक आहे?"

आम्ही सगळे हसलो. चार ठिकाणी फोन करून तो विनोद सांगितलाही. पण पुढच्या आठवड्यात माझे हसू हळूहळू ओसरू लागले. मनू चप्पल घालताना विचारी, "बरोबर आहे?" डब्यातून खडू उचलला, "बरोबर आहे?" मी कोरा कागद पुढे ठेवला आणि म्हटले, "आजी काढ बघू." तिने खडू हातात धरला आणि बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आबा, ठिपके कुठायत?"

त्या रात्री जेवण झाल्यावर मी भाषण केले. 'आमच्या वेळी' या शब्दांनी सुरू होणारी माझी भाषणे घरात कुणी ऐकत नाही, पण या वेळी चिरंजीवांनी पूर्ण ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाले, "बाबा, तुमच्या वेळी चाळीला अंगण होतं, अंगणात पंधरा पोरं होती. इथे पाचवा मजला आहे आणि मजल्यावर तिच्या वयाचं कुणी नाही. मी तिला काय द्यायचं ते मला कळत नाही, म्हणून खोका आणला. आणि एक विचारू? मी रोज तासभर तिच्यासोबत जमिनीवर बसतो तरी. तुम्ही माझ्याबरोबर जमिनीवर कधी बसला होतात?"

मी आठवू लागलो. मी खुर्चीवर बसत असे. तो उभा असे. मधे टेबल, टेबलावर फूटपट्टी, आणि पाढे. पट्टी मी फक्त टेबलावर आपटत असे, असे माझे म्हणणे आहे. चिरंजीवांची आठवण वेगळी आहे. सात वाजता लोकलमधून उतरून आलेला बाप दुसरे काय करणार, असा बचाव माझ्या ओठांवर आला होता, पण तेवढ्यात लक्षात आले, की समोर बसलेला बापही लोकलमधूनच उतरून आला होता.

म्हणून माझ्या परीक्षणात एक दुरुस्ती करतो. या ग्रंथाचे खरे सौंदर्यस्थळ खोक्यात मिळत नाही. ते म्हणजे मांडी घालून जमिनीवर बसलेला बाप. तो असला, की राजमा काय आणि वाल काय, सारखेच. आणि या ग्रंथाचा खरा दोष म्हणजे शेवटचे पान. त्या पानामुळे शेजारी बसलेला बाप पोराकडे बघायचा सोडून उत्तराकडे बघू लागतो. आमच्या वेळी ते पान मला पाठ होते, एवढाच फरक.

यावर चिरंजीव काही बोलले नाहीत. मी मनातल्या मनात केलेले परीक्षण त्यांना ऐकू येण्याचे कारणही नव्हते. पण रविवारी सकाळी ते मनूला घेऊन तेविसावे पान उघडून बसले. मीही गुडघ्यांची परवानगी काढून खाली बसलो. (उठवायला पुढे दोघे लागले.) चिरंजीवांनी चार चौकोनांच्या खाली पेनाने पाचवा चौकोन आखला, त्यावर 'पावसाळा' असे लिहिले आणि आत पाचसहा तिरक्या रेघा ओढल्या. मग पुस्तक मनूकडे सरकवून त्यांनीच विचारले, "बरोबर आहे?"

मनू उठली. खुर्चीवर चढली. खिडकीबाहेर पुष्कळ वेळ पाहिले. मग खाली येऊन गंभीरपणे म्हणाली, "नाही. अजून जोरात हवा."

आणि निळा खडू घेऊन तिने जो पाऊस पाडला, तो पाचव्या चौकोनात मावेना. तो स्प्रिंगमध्ये शिरला, समरचा किल्ला वाहून गेला, ऑटमची पाने भिजली आणि बर्फाचा माणूस गळ्यापर्यंत बुडाला. शेवटी थोडा पाऊस आमच्या फरशीवरही पडला. या वेळी तिने कुणालाही काही विचारले नाही.

प्रस्तुत ग्रंथाची ही सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती आमच्या घरी पाहायला मिळेल. प्रत एकच आहे. आणि मार्गदर्शिकेचे शेवटचे पान त्यात नाही. सौ.ने ते वालांची साले टाकायला घेतले.