कॅनर यांचे एक निरीक्षण आणि बालवाडीतील संवेदनांचा प्रश्न

लिओ कॅनर यांचा ११ मुलांवरील निबंध १९४३ साली प्रसिद्ध झाला. स्वमग्नतेच्या अभ्यासाचा तो आरंभ मानला जातो. त्यातील एका निरीक्षणाचा पुनर्विचार येथे कर्तव्य आहे. वाहते पाणी, लिफ्ट, अंडी फेटण्याचे यंत्र यांनी ही मुले भयभीत होत. तथापि स्वतः तितकाच मोठा आवाज ती खुशाल करीत. यावरून कॅनर यांनी असे अनुमान केले की, भय आवाजाचे नसून एकान्तावर होणाऱ्या आक्रमणाचे आहे.

निरीक्षण मार्मिक आहे. अनुमान मात्र चिंत्य आहे. आपण केलेला आवाज केव्हा सुरू होईल व केव्हा थांबेल, हे मुलाला ठाऊक असते. दुसऱ्याने केलेल्या आवाजाविषयी तसे म्हणता येत नाही. तेव्हा येथील भेद पूर्वज्ञानाचा व नियंत्रणाचाही असू शकतो. आणि काही आवाज पूर्वसूचनेनंतरही असह्य होतात, हेही विसरता येत नाही. संवेदनांना मिळणारी अतितीव्र वा अतिमंद प्रतिक्रिया अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने २०१३ साली निदानाच्या निकषांत समाविष्ट केली; म्हणजे कॅनर यांनी गौण मानलेल्या गोष्टीस सत्तर वर्षांनी स्थान मिळाले.

जीन एअर्स यांनी १९७२ च्या ग्रंथात संवेदनांच्या संयोजनाची उपपत्ती मांडली. तिच्यावर आधारलेल्या उपचाराने मुलाची वैयक्तिक उद्दिष्टे अधिक साधल्याचे ३२ मुलांच्या एका चाचणीत (२०१४) दिसले. परंतु ४ ते ११ वर्षांच्या १३८ मुलांच्या ब्रिटिश चाचणीत (२०२२) नेहमीच्या साहाय्यापेक्षा वर्तनात सरस फरक आढळला नाही. दोहोंची मापे भिन्न असल्याने एकीने दुसरीचे खंडन होत नाही. मात्र उपचाराविषयीचे व्यापक दावे टिकत नाहीत, हे निश्चित.

मग शिक्षिकेने काय करावे? घंटा होण्यापूर्वी सांगावे, शक्य तर ती मुलाच्याच हाती द्यावी, वर्गात एक शांत कोपरा राखावा. हे उपाय मुलाला बदलण्याचा आग्रह धरीत नाहीत, परिसर बदलतात. कानांवर हात ठेवणाऱ्या चार वर्षांच्या मुलास हट्टी ठरवावयाचे की त्याचे सांगणे ऐकावयाचे, हा प्रश्न अखेर निरीक्षणाच्या प्रामाणिकपणाचा आहे. कॅनर यांनी पाहिले होते. आपण ते नीट वाचले पाहिजे.