लोणचेवाल्याचे हात : ‘क्रॉसिंग डेलान्सी’

आज ज्या सिनेमाबद्दल बोलायचंय, त्याचं नाव घेतलं की बरेच जण विचारतात, ‘कुठला म्हणालात?’ नाव आहे ‘क्रॉसिंग डेलान्सी’, साल १९८८. आता हे साल बघा. आदल्या वर्षी ‘मूनस्ट्रक’ आला आणि तीन ऑस्कर घेऊन गेला. पुढच्या वर्षी ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ आला, तो तर आजही सगळ्यांच्या तोंडी आहे. या दोन बड्या पाहुण्यांच्या मधे हा बिचारा अंग चोरून बसलेला.

दिग्दर्शिका जोन मिकलिन सिल्व्हर. त्यांचा पहिला चित्रपट ‘हेस्टर स्ट्रीट’ (१९७५), ज्यू स्थलांतरितांवरचा. तो कुणी स्टुडिओ घेईना, तेव्हा नवऱ्यानंच पैसे उभे केले आणि वितरणही केलं. ‘डेलान्सी’च्या वेळीही तीच रड : विषय फार ज्यू आहे, कोण बघणार? शेवटी नायिका एमी आयर्विंगचे तेव्हाचे पती स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी मधे शब्द टाकला आणि वॉर्नर ब्रदर्सनं तो केला.

गोष्ट साधी आहे. इझी तिशी ओलांडलेली, एकटी राहणारी, मॅनहॅटनच्या वरच्या भागात पुस्तकांच्या दुकानात काम करणारी. लेखकमंडळींत उठबस. तिची आजी, तिकडे ‘बबी’ म्हणतात, राहते खाली लोअर ईस्ट साइडला, जुन्या ज्यू वस्तीत. डेलान्सी हा त्या वस्तीतला मोठा रस्ता. नातीचं लग्न व्हावं म्हणून बबी स्थळं जुळवणाऱ्या बाईंना गाठते. स्थळ येतं सॅमचं. सॅम वडिलांचं दुकान चालवतो. मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या काकड्यांचं लोणचं, पिंपातून काढून विकायचं. आणि समोरच्या पारड्यात आहे अँटन, नावाजलेला कादंबरीकार, बोलण्यात गोड.

म्हणजे पुस्तक विरुद्ध पिंप. दोन विरुद्ध टोकं एकमेकांकडे ओढली जातात, हा रोमँटिक कॉमेडीचा जुना फॉर्म्युला. पण माझं म्हणणं असं, की इथे दोन विरुद्ध माणसं नाहीतच. विरोध आहे तो इझीच्या नजरेत. सॅम काही अडाणी नाही. तो नीट ऐकतो, बोलतो तेव्हा विचार करून बोलतो, स्वतःच्या धंद्याची लाज बाळगत नाही. इझीला मात्र आधी दिसतात ते पिंपात बुडालेले हात. ती स्वतः त्याच वस्तीतून वर गेलीय ना, म्हणून तो वास तिला जास्त झोंबतो.

त्या हातांचंच बघा. लोणच्याचा वास घालवायला तो हात दुधात आणि व्हॅनिलात बुडवतो. हे तो अगदी सहज सांगून टाकतो. एवढ्या एका तपशिलात हा माणूस कळतो : कष्टाचे हात आहेत, आणि समोरच्याची जाणीवही आहे. पीटर रीगर्टनं हे सगळं आवाज न चढवता केलंय. तो प्रेमाची भीक मागत नाही. इझी त्याला चक्क आपल्या मैत्रिणीच्या गळ्यात बांधू बघते, तेव्हाही तो तमाशा करत नाही, पण दुखावलेला दिसतो.

आता खरा आक्षेप. तो टाळून चालणार नाही. स्वतंत्र, कमावती बाई; तिला आजी आणि मध्यस्थ बाई मिळून आपल्याच समाजातला मुलगा देतात, आणि सिनेमा टाळ्या वाजवतो. हे आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे. कांदेपोह्यांचा कार्यक्रम न्यूयॉर्कला नेला, एवढंच का? मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही हे खटकलं होतं.

पण दुसऱ्यांदा पाहताना एक लक्षात आलं. इझीचं एकटेपण सिनेमा केविलवाणं करत नाही. तिला काम आवडतं, मैत्रिणी आहेत, शहर तिचं आहे. बबी हट्टी आहे, पण तिचा हुकूम चालत नाही. नात तोंडावर नाही म्हणू शकते. आणि बबी झालेल्या राइझल बोझिक, यिडिश रंगभूमीवरच्या कसलेल्या नटी, इतक्या खट्याळ आहेत की परंपरेचा उपदेश त्यांच्या तोंडी शोभतच नाही. ही आजी स्वसंरक्षणाच्या वर्गाला जाते हो!

दोष दाखवायचा तर तो वेगळाच आहे. शेवटाकडे इझी अँटनच्या घरी जाते, आणि कळतं, त्याला हवी आहे ती कामं बघणारी मदतनीस. म्हणजे पटकथेनं निवड सोपी करून टाकली. अँटन खरोखर चांगला माणूस असता, तरी इझी सॅमकडे वळली असती का? हा अवघड प्रश्न सिनेमानं विचारायला हवा होता. तिथे तो कचरला.

तरी शेवटचा प्रसंग सगळं सावरतो. इझी उशिरा धावत बबीच्या घरी पोचते. बबी सोफ्यावर झोपलेली. सॅम गेला, असं इझीला वाटतं. तो गेलेला नाही, बाहेर बाल्कनीत आहे. ना भाषण, ना पावसातली धावाधाव. एक माणूस थांबला, आणि दुसऱ्यानं त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. बस्स.

डेलान्सी ओलांडायला पाच मिनिटं पुरतात. इझीला अख्खा सिनेमा लागला. आपल्या प्रत्येकाचा असा एक रस्ता असतो. ज्याच्या पलीकडच्या माणसाला आपण हातांवरून ओळखून मोकळे होतो. हा सिनेमा बघाल तेव्हा तो रस्ता कोणता, एवढं मात्र स्वतःला विचारून बघा.