मानसशास्त्राचे निष्कर्ष वर्गात आणण्यापूर्वी

'मानसशास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे की...' अशी सुरुवात असलेली वाक्ये आपण शिक्षक-प्रशिक्षणात, पालकसभेत आणि वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवणीत नेहमी ऐकतो, वाचतो. लहानपणी ज्याला मोह आवरता येतो तो पुढे यशस्वी होतो. काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून, तर काही हाताने करून. बुद्धी वाढवता येते एवढे मुलांना पटवून दिले की त्यांचे गुण वाढतात. ही विधाने सांगायला सोयीची आणि फळ्यावर लिहायला सुटसुटीत आहेत. परंतु पदार्थविज्ञानातील एखादे विधान स्वीकारताना आपण जी चौकशी करतो, ती या विधानांच्या वाट्याला क्वचितच येते. प्रयोग कोणावर केला? तुलना कशाशी केली? फरक किती पडला? आणि दुसऱ्या कोणी तोच प्रयोग करून पाहिला का?

हे चार प्रश्न विचारले, तर गेल्या दहा-पंधरा वर्षांतील मानसशास्त्राचे चित्र बरेच वेगळे दिसते. काही गाजलेले निष्कर्ष गळून पडतात, काही आकाराने लहान होतात आणि काही पूर्वीपेक्षा भक्कम ठरतात. यांतील फरक शिक्षकाला ठाऊक असायला हवा, कारण चुकीच्या निष्कर्षाची किंमत शेवटी वर्गातल्या मुलाला मोजावी लागते.

पुन्हा केलेले शंभर प्रयोग

ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने सुमारे २७० संशोधकांनी एक मोठे काम हाती घेतले. मानसशास्त्राच्या तीन प्रतिष्ठित नियतकालिकांत २००८ साली प्रसिद्ध झालेले १०० प्रयोग त्यांनी नव्याने करून पाहिले. त्याचा अहवाल 'सायन्स'मध्ये २०१५ साली आला. मूळ प्रयोगांपैकी ९७ टक्क्यांनी आपला परिणाम संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरल्याचे सांगितले होते. पुनर्प्रयोगांत हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले आणि परिणामाचा आकार सरासरीने निम्मा झाला.

यामागे लबाडी असलीच पाहिजे असे नाही. समजा, एखाद्या निरुपयोगी उपायाची परीक्षा वीस संशोधकांनी स्वतंत्रपणे घेतली. केवळ योगायोगाने त्यांतील एखाद्याला 'उपाय लागू पडला' असे दिसू शकते. एकोणीस जणांचे कागद कपाटात राहतात आणि एकाचा निबंध छापून येतो. वाचकासमोर तेवढाच पुरावा असतो. त्यातून मुलांची संख्या वीस-तीस असेल, तर योगायोगाला आणखी वाव मिळतो. दोष उघड करण्याचे हे काम मानसशास्त्रज्ञांनी स्वतःच केले, ही गोष्ट मात्र या शास्त्राच्या बाजूने नोंदवली पाहिजे.

मोह आवरणारी मुले

वॉल्टर मिशेल यांचा खाऊचा प्रयोग सर्वांना ठाऊक आहे. मुलासमोर एक गोड पदार्थ ठेवायचा आणि थांबलास तर दोन मिळतील असे सांगायचे. जी मुले अधिक वेळ थांबली, ती पुढे अभ्यासात व वागण्यात सरस ठरली, असे नंतरच्या पाहणीत आढळले. पण ही मुले स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातील बालवाडीतली होती, म्हणजे बहुतांशी सुशिक्षित व सुस्थित घरांतली. टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासून २०१८ साली जो निबंध लिहिला, त्यात हा संबंध मूळच्या निम्माच निघाला. घरची परिस्थिती व मुलाची आधीची समज हिशेबात घेतल्यावर त्यातलाही सुमारे दोन-तृतीयांश भाग नाहीसा झाला.

त्याआधी, २०१३ साली, सेलेस्ट किड व सहकाऱ्यांनी एक साधा बदल करून पाहिला होता. खाऊ देण्यापूर्वी मुलांना चित्रकलेचे चांगले साहित्य आणून देण्याचे कबूल केले. काही मुलांना ते मिळाले, तर काहींना 'ते संपले' असे सांगण्यात आले. नंतर खाऊसाठी पहिली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली आणि दुसरी अवघी ३ मिनिटे. या प्रयोगात मुले २८ च होती, त्यामुळे आकडा जपूनच वापरावा. २०१८ सालच्या आणखी एका अभ्यासात कॅमेरूनमधील शेतकरी न्सो कुटुंबांतील चार वर्षांची सुमारे ७० टक्के मुले शेवटपर्यंत थांबली, तर जर्मन मुलांपैकी ३० टक्क्यांहूनही कमी.

तेव्हा मूल किती थांबते हे त्याच्या स्वभावाइतकेच त्याच्या अनुभवावर व संगोपनावर अवलंबून असते. ज्या घरात 'उद्या आणीन' हा शब्द परिस्थितीमुळे वारंवार मोडतो, तिथल्या मुलाने समोरचा खाऊ उचलला, तर त्याला उतावळे ठरवण्याआधी आपण विचार करायला हवा.

शिकण्याच्या शैली आणि 'वाढीची मनोवृत्ती'

पाहून, ऐकून व करून शिकणाऱ्यांचे गट पाडण्याची कल्पना शिक्षकांमध्ये जगभर लोकप्रिय आहे. ब्रिटन व नेदरलँड्समधील शिक्षकांच्या २०१२ सालच्या एका पाहणीत नव्वद टक्क्यांहून अधिक जणांचा तिच्यावर विश्वास आढळला. ही कल्पना खरी असेल, तर चित्राने शिकवल्यास 'पाहणारी' मुले पुढे जायला हवीत आणि बोलून शिकवल्यास 'ऐकणारी'. हॅरोल्ड पॅश्लर व सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध संशोधन याच कसोटीवर तपासले, तेव्हा असा उलटसुलट परिणाम नीट दाखवणारा पुरावा जवळजवळ मिळालाच नाही. मुलांच्या आवडी निरनिराळ्या असतात, याबद्दल वाद नाही. पण भारताचा नकाशा शिकवताना सर्वांनाच नकाशा दाखवावा लागतो आणि कविता सर्वांनाच ऐकवावी लागते. पद्धत ठरते ती मुख्यतः विषयावरून. 'हा ऐकून शिकणारा' असा शिक्का मारून एखाद्याला आकृतीपासून दूर ठेवणे हे त्या मुलाचे नुकसानच होय.

कॅरल ड्वेक यांच्या 'वाढीच्या मनोवृत्ती'ची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. डेव्हिड येगर व सहकाऱ्यांचा २०१९ सालचा अभ्यास अमेरिकेतील नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर झाला. एक तासाहून कमी वेळाच्या संगणकीय पाठाने कमी गुण मिळवणाऱ्या मुलांची श्रेणी ४ पैकी सुमारे ०.१ गुणाने वाढली. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी जाहीर झालेल्या १०१ शाळांच्या चाचणीत, शिक्षकांना प्रशिक्षण देऊनही मुलांच्या प्रगतीत फरक आढळला नाही. म्हणजे परिणाम असलाच तर लहान आहे आणि तो सर्वत्र दिसत नाही. एका तासाच्या खर्चात ०.१ गुण वाईट नाही. परंतु भिंतीवर 'मी करू शकतो' अशी पाटी लावली आणि भागाकार मात्र नीट शिकवला नाही, तर अपयशाचे खापर मुलाच्या मनोवृत्तीवर फुटते. हा धोका लहान नाही.

टिकून राहिलेले निष्कर्ष

आता दुसरी बाजू. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के भाग आठवला, लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले: पुन्हा वाचणारे ४२ टक्क्यांवर, लिहिणारे ५६ टक्क्यांवर. आठवून पाहण्याचा हा फायदा निरनिराळ्या वयांत व विषयांत पुन्हा पुन्हा दिसून आला आहे. अभ्यास एका रात्रीत उरकण्यापेक्षा थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने करावा, हेही असेच टिकलेले तत्त्व आहे. एबिंगहाउस यांनी १८८५ साली मांडलेला विस्मरणाचा आलेख २०१५ साली पुन्हा प्रयोग केला असता जवळजवळ तसाच मिळाला. घोकण्याची सवय असलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना यातून एक उपयोगी गोष्ट सांगता येते: डोळ्यांपुढे पुस्तक ठेवून दहादा वाचण्यापेक्षा ते मिटून दोनदा आठवा.

भारतातील मुलांवरचा एक महत्त्वाचा अभ्यास २०२५ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की व सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचे गणित तपासले. दर, वजन आणि सुटे पैसे यांचा तोंडी हिशेब ही मुले अचूक करत. तेवढेच किंवा त्याहून सोपे गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडले, की ती अडत. जवळच्या शाळांतील ४७१ मुलांचे उलटे होते. कागदावरची सोपी उदाहरणे त्यांना बरी जमत. पण बाजारातील जो हिशेब काम करणाऱ्या मुलांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक जणांनी सोडवला, तो यांच्यापैकी फक्त १ टक्क्याला जमला. आपल्या मंडईत आई-वडिलांच्या शेजारी बसून पावशेर मिरचीचे पैसे क्षणात सांगणारे मूल शाळेत गणितात 'कच्चे' ठरत असेल, तर त्या शेऱ्यात मुलाच्या बुद्धीबद्दल किती आणि आपल्या मांडणीबद्दल किती, हे तपासावे लागेल.

कामतांचा धडा

'हे आपल्या मुलांना लागू पडते का?' हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमों यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये बुद्धिमापनाच्या कसोट्या तयार केल्या, त्या ज्यांना वेगळी मदत हवी अशी मुले ओळखण्यासाठी. या कसोट्या नुसत्या भाषांतरित करून चालणार नाहीत, हे व्ही. व्ही. कामत यांनी जाणले. कन्नड आणि मराठी भाषिक मुलांसाठी त्यांनी त्या सुधारून प्रत्यक्ष मुलांवर तपासल्या. त्यांचा निबंध १९३४ साली प्रसिद्ध झाला आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे त्यांचे पुस्तक १९४० साली. परदेशी निष्कर्ष स्वीकारण्याची ही योग्य रीत होती.

पुढचा भाग तितका अभिमानाचा नाही. बिने-कामत कसोटी आजही अनेक ठिकाणी वापरली जाते, पण तिचे मूळ प्रमाण कित्येक दशकांपूर्वीच्या मुलांवर ठरलेले आहे. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, की अनेक देशांत बुद्धिमापन कसोट्यांवरील गुण दर दशकाला सुमारे तीनने वाढत होते. जिथे अशी वाढ होते तिथे जुन्या मापाने मोजलेले मूल आहे त्याहून पुढचे दिसते आणि ज्याला खरोखर मदत हवी ते मर्यादेच्या वर जाऊन मदतीला मुकू शकते. कामतांनी जे एकदा केले, ते प्रत्येक पिढीत पुन्हा करणे हे आपले काम होते. कसोटीचे नाव राहिले आणि तपासण्याची वृत्ती मागे पडली.

ही वृत्ती नसली की काय होते, याचे उदाहरण म्हणजे बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता व कल सांगणाऱ्या, पालकांकडून पैसे घेऊन होणाऱ्या चाचण्या. त्यांना शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली स्पष्ट केले. असा दावा तपासणे अवघडही नाही. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची अशीच परीक्षा घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना ओळखायला दिल्या. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे यश सरासरी ४६ टक्के आले. नाणे उडवले असते तरी पन्नासच्या आसपास आले असते. ठशांच्या चाचणीने ही परीक्षा आधी द्यावी, मग शाळेच्या दारात यावे.

शिक्षक काय करू शकतो

चारही प्रश्नांची उत्तरे दर वेळी निबंध शोधून मिळवणे शिक्षकाला शक्य नाही. परंतु व्याख्यात्याला ते विचारता येतात, आणि एखादा लहान प्रयोग आपल्याच वर्गात करता येतो. वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. हुशारीवरून किंवा बाकांवरून करू नयेत. एक धडा शिकवून झाल्यावर पहिल्या गटाने दहा मिनिटे तो पुन्हा वाचावा, दुसऱ्याने पुस्तक मिटून आठवेल ते लिहावे. आठवड्याने, आगाऊ न सांगता, दहा प्रश्न द्यावेत आणि नावे झाकून तपासावेत. पुढच्या धड्याला गटांची अदलाबदल करावी, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही. आलेले आकडे मुलांसमोर फळ्यावर मांडावेत, ते अपेक्षेप्रमाणे आले नसले तरीही. चाळीस मुलांच्या वर्गातून जगाला सांगण्याजोगा निष्कर्ष निघणार नाही, पण 'सिद्ध झाले आहे' हे शब्द किती कष्टाने कमवावे लागतात, हे मुलांना कळेल.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते सर्व मुले शाळेत यावीत म्हणून. शाळेत आलेल्या मुलाला कच्च्या संशोधनाच्या आधारे उतावळे, 'ऐकून शिकणारे' किंवा 'गणिताचे डोके नसलेले' ठरवण्याआधी तपासून पाहणे, एवढे तरी आपण त्याचे देणे लागतो.